पंखा १३ की १५? तातडीने सांगा

तापीकाठ
नमस्कार मंडळी. बोट पळत नाहीये. सध्या १३चा पंखा आहे. १५चा टाकला तर वेग वाढेल ना? मुंबईचा दुकानदार म्हणतो, ऑर्डर आजच दिली तर शुक्रवारपर्यंत पार्सल भुसावळला येईल. शनिवारी पुण्याचे पाहुणे आहेत. फक्त हो किंवा नाही सांगा, लेक्चर नको.

कडक_ऊन
१५ इंची घेऊ नका. भुसावळच्या मे महिन्यात तो नुसती गरम हवा फेकतो. १८ इंची घ्या, गवत बदला, टाकीत माठातलं पाणी टाका. जानेवारीतच कूलरचं बघताय, शहाणे आहात.

तापीकाठ
अहो, बोटीचा पंखा. प्रोपेलर. धागा तरी वाचा.

रेवदंडेकर
नाही. आता लेक्चर. १३, १५ हे पिचचे आकडे. व्यास निराळा असतो, तो तू लिहिलेलाच नाहीस. इंजिन किती एचपी? टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? बोट किती फुटी, तळ सपाट की व्ही? फुल रेसला आरपीएम किती? यातलं काहीच माहीत नसताना हो-नाही सांगणारा माणूस एकतर ज्योतिषी, नाहीतर तुझा दुकानदार.

तापीकाठ
४० एचपी, फोर स्ट्रोक, सेकंडहँड, कोकणातूनच आणलंय. बोट १६ फुटी, फायबर. इंजिन ओरडतं खूप, पण बोट जागची हलत नाही. आरपीएमचा काटा बंद आहे.

निवृत्त_फिटर
ओरडतं म्हणजे नक्की काय? दोन प्रकार असतात. मीटर चढतो पण बोट सरकत नाही, तर पंख्याच्या आतलं रबरी बुश, म्हणजे धक्का झेलणारं अस्तर, घसरतंय किंवा पंखा हवा ओढतोय. मीटर चढतच नाही अन् इंजिन कण्हतं, तर पंखा इंजिनाला जड होतोय. दोन्हींचे उपाय उलटे आहेत. थरथर आहे का? प्लगच्या वायरला गुंडाळायचं डिजिटल मीटर मिळतं, ते आणा. कानाने आरपीएम मोजू नका. लोको शेडमध्ये ३४ वर्षं इंजिनं ऐकली, तरी मी मोजत नाही.

शिरपूरकर
भाऊ, नावमां कितला मानसं बठतस ते सांग पहिले.

तापीकाठ
मीटर आणला. फुल रेसला ४३००. पुस्तकात ५००० ते ६००० लिहिलंय. मोबाईलच्या जीपीएसवर वेग ताशी १९ किमी. आता सांगा, १५ घेऊ का?

निवृत्त_फिटर
अजिबात नको. पिच म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात पंखा किती इंच पुढे जाईल, साबणाच्या वडीत स्क्रू फिरवल्यासारखा. पाणी साबणाएवढं घट्ट नसतं, म्हणून तो घसरतो. तुमचा गिअर रेशो २ धरू, पंखा मिनिटाला २१५० फेरे घेतो. १३ इंच म्हणजे ३३ सेंटिमीटर. कागदावर ताशी ४२ किमीच्या वर व्हायला हवेत, तुम्हाला मिळतात १९. निम्म्याहून जास्त घसरण. बोट पाण्यावर उचललीच जात नाही, नाक वर करून शेपूट ओढत चालली आहे. त्यात १५ टाकणं म्हणजे केळीने भरलेली ट्रॉली टॉप गिअरला उठवणं. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. ११ किंवा १० घ्या. आणि थरथरीचं विचारलं होतं.

रेवदंडेकर
हा पंखा समुद्रावरचा. तिकडे उंचीवर हवा विरळ, ताकद कमी पडणारच. चार पातींचा स्टेनलेस घे, सगळे प्रश्न मिटतील. माझ्या बोटीला सहा वर्षं आहे, एक ओरखडा नाही.

निवृत्त_फिटर
भुसावळ म्हणजे लेह नाही हो. समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर, त्याने ताकदीत फार तर दोन टक्के फरक. तेवढ्याने ७०० आरपीएम जात नाहीत. स्टेनलेसचं म्हणाल तर हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला बुडालेली बाभळीची खोडं आहेत, चांगदेवच्या संगमाकडे दगड. अॅल्युमिनियमची पात दगडावर वाकते, आपण ठोकून घेतो. स्टेनलेस वाकत नाही, धक्का सरळ गिअरला देतो.

रेवदंडेकर
म्हणजे दगडावर आपटायचं ठरवूनच पंखा घ्यायचा? बुश कशाला असतं मग? आणि चार पातींना वजनाखाली पकड जास्त मिळते, हे तरी मान्य करा.

निवृत्त_फिटर
मान्य. पण तेवढ्याच पिचला चौथी पात आरपीएम आणखी खाली आणते. आधी पिच, मग पाती.

पक्षीमित्र_जळगाव
विषयांतर आहे, तरी लिहिते. या दिवसांत हतनूरला चक्रवाक आणि बाहेरून आलेली बदकं असतात. मोटरबोट थव्यात घातली की सगळा थवा उठतो. उथळ भागात आणि पाणवनस्पतींमध्ये जाऊ नका. परवानगी घेतली आहे का? धरण जलसंपदा विभागाचं आहे, आणि २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यांत्रिक बोटीची नोंदणीही लागते. लाइफ जॅकेट किती आहेत?

तापीकाठ
ताई, कागदपत्रं झाली आहेत. जॅकेट आठ. थव्यात जात नाही, या वेगाने बदकं आमच्याच पुढे जातात.

शिरपूरकर
जॅकेट आठ! मंग मानसंबी आठ ना भो?

तापीकाठ
सात. क्वचित आठ. आणि थोडं सामान.

केळीवाला_रावेर
थोडं म्हणजे? मी मागच्या वर्षी होतो त्या बोटीवर. पलीकडच्या काठावर भरीत पार्टी होती. पोतंभर वांगी, कापसाच्या पराट्यांचा म्हणजे वाळक्या काड्यांचा भारा, वांगी ठेचायची लाकडी बडगी, मुसळ, गॅसची शेगडी आणि पाण्याचे दोन जार. पराट्या असताना शेगडी कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही.

कडक_ऊन
पराट्यांवरच खरं भरीत. शेगडीवरचं ते वांग्याचं पिठलं. बामणोदची वांगी आणता की दुसरी?

तापीकाठ
शेगडी चहासाठी होती. कृपया पंख्यावर या, आज गुरुवार आहे.

निवृत्त_फिटर
सात माणसं म्हणजे पावणेपाचशे ते पाचशे किलो. वर तुमचं स्वयंपाकघर. १६ फुटीवर ४० एचपीला हे जड आहे, पंखा कोणताही लावा. बोट काठावर घेऊन मागून एक फोटो टाका. पंख्याच्या वरची आडवी पट्टी आणि बोटीचा तळ दोन्ही दिसले पाहिजेत.

तापीकाठ
टाकला.

निवृत्त_फिटर
ही पट्टी तळाच्या पाच इंच खाली आहे! साधारण तळाच्या पातळीत हवी, फार तर इंचभर इकडेतिकडे. इंजिन २० इंची शाफ्टचं, तुमचा ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगायची मागची फळी, १५ इंची. सगळा पाय पाण्यात नांगरासारखा ओढला जातोय. हे आधी का नाही सांगितलंत?

तापीकाठ
काका, कोणी विचारलं नव्हतं. विकणारा म्हणाला होता, खोल असलेलं चांगलं, पंखा हवा ओढत नाही.

रेवदंडेकर
तो अर्धं खरं बोलला. फार वर घेतलंस तर वळणावर पंखा हवा ओढेल आणि इंजिन खरंच ओरडेल. इंजिन इंच-इंच वर घे आणि दर वेळी वळून बघ. इथे काकांशी सहमत. स्टेनलेसबद्दल नाही.

शिरपूरकर
जुना फायबर शे का? तळना फोममां पानी भरायेल ऱ्हास. तेबी वजनच शे.

निवृत्त_फिटर
हा मुद्दा चांगला काढलात. तळावर टिचकी मारून बघा. फोम भिजला असेल तर आवाज बद्द येतो.

तापीकाठ (सोमवार)
उशिरा लिहितोय, पाहुणे काल गेले. १५ची ऑर्डर दिली नाही. सागाचा ठोकळा आणि आरपार बोल्ट टाकून इंजिन साडेचार इंच वर घेतलं. त्याच १३च्या पंख्यावर, सात जणांत ४३००चे ४५०० झाले आणि हँडल एकदम हलकं. मग धरणावर मासेमारी करणाऱ्या ओळखीच्याकडे त्याच कंपनीचं इंजिन आहे, त्याच्याकडून १०चा पंखा मागून आणला. दाते जुळले. पाच माणसांत ५२०० आणि ताशी ३१ किमी! नाक खाली आलं, बोट उचलली गेली. सात जणांत अजून कण्हते. म्हणून दोघं जण सामान घेऊन रस्त्याने गेले आणि आमच्या आधी पोहोचले, तो भाग सोडा. फोम एका बाजूला ओला निघालाय, तळ उन्हाळ्यात उघडणार. १०चा स्वतःचा पंखा मागवतोय, अॅल्युमिनियमचाच.

कडक_ऊन
आणि भरीत?

तापीकाठ
पराट्यांवर. शेगडी घरीच ठेवली.

रेवदंडेकर
५२०० म्हणजे बसलं. चार पातींचा घेतला असतास तर सात जण गेले असते.

निवृत्त_फिटर
नसते गेले.

तापीकाठ
१३चा पंखा आता पडून आहे. कोणाला हवा असेल तर सांगा, स्वस्तात देईन. चांगला आहे, फक्त एका पातीची कड वाकलेली आहे. आणला तेव्हापासूनच होती.

निवृत्त_फिटर
थरथरीचं मी दोनदा विचारलं होतं.