पावसानंतर ट्रेलवर सायकल न्यायची का नाही, तुम्ही लोकं कसं ठरवता? (नागपूर, काटोल रोड, फेटरी साईड)

फुटाळा_रायडर
भाऊ लोकं, एक विचारायचं होतं. आमचा छोटा ग्रुप आहे, रविवारी पहाटे माउंटन बाईक घेऊन निघतो. काटोल रोडनं गोरेवाड्याच्या पुढे फेटरीकडे, तिथून पांदणीनं शेताशेतातून आत, मग एक टेकडी लागते जिच्यावर गुराख्यांची पायवाट आहे, ती उतरून परत डांबरीवर. परवा रात्री धो धो पडला, काल दिवसभर रिपरिप आणि आज सकाळपासून कडक ऊन आहे. आता ग्रुपात दोन पार्ट्या झाल्या, एक म्हणून राहिले की ऊन पडलं म्हणजे वाळलं, जाऊ, दुसरे म्हणतात की ट्रेल खराब होते अन सायकलचीही वाट लागते. नेटवर पाहिलं तं कोणी २४ तास थांबा म्हणते कोणी ४८, पण त्यांची माती वेगळी आपली वेगळी. हार्डटेल आहे (फक्त पुढे शॉक, मागे नाही), टायर २.२५ इंची. पावसाळाभर घरी बसणं तं जमत नाही, मग ठरवायचं कसं?

चढावर_चढ
जा बिनधास्त. पांदणीत ट्रॅक्टर जाऊन जाऊन आधीच गुडघाभर चाकोऱ्या पडल्या असतात, तुमच्या दोन इंची टायरनं त्यात काय फरक पडणार आहे. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, एवढे महिने वाळायची वाट पाहत बसलं तर सायकलला गंज चढेल. घरी येऊन धुवायची, झालं.

धुऱ्यावरचा
आमचं शेत कळमेश्वरकडे आहे म्हणून थोडं लांबून सांगतो. तास मोजून काही होत नाही, माती पाहा. तुम्ही जिथून जाऊन राहिले ती पांदण काळ्या मातीची आहे, ही माती पाणी पिऊन फुगते अन मग सोडत नाही, उन्हाळ्यात जिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात तीच ही. एक दिवस ऊन पडलं की वरचा पापुद्रा वाळतो, राखाडी दिसते, बारीक भेगाही पडतात आणि माणसाला वाटते वाळलं म्हणून. पण टाच दाबून फिरवा, दोन बोटं खाली लोण्यासारखी ओली निघते. टायर तो पापुद्रा फोडून आत जाते आणि मग जी चिपकते ती चाक फिरू देत नाही.

शेतकरी कसं पाहतो ते करा. बोट-दोन बोट खालची माती मुठीत घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. फुटून भुगा झाला तर वाफसा आला, म्हणजे माती काम करण्याइतकी सुकली, जा. गोळा तसाच्या तसा पडला, चपटा झाला किंवा हाताला चिपकून राहिला तर परत फिरा. अजून सोपं म्हणजे शेजारच्या शेतात पाहा, डवरे (बैलानं ओढायचं तण काढायचं अवजार) चालू दिसले तर समजायचं की जमीन झाली, कारण ओल्या जमिनीत कोणी डवरा घालत नाही, बैलही थकतात आणि मातीची ढेकळं होतात.

आता ट्रॅक्टरचं वर भाऊंनी म्हटलं ते पांदणीपुरतं बरोबर आहे, तिथे सायकलनं खरंच काही बिघडत नाही, बिघडलं तर तुमचीच सायकल बिघडते. पण त्या टेकडीवर ट्रॅक्टर जात नाही ना. तिथे फक्त गुरं, शेळ्या आणि तुम्ही. उतारावर ओल्या मातीत चाकाची एक रेघ उमटली की पुढच्या पावसाचं पाणी त्याच रेघेनं धावते, आधी बोटभर, मग वीतभर, आणि दिवाळीपर्यंत त्या पायवाटेची नाली होते. मागचा ब्रेक दाबून चाक घासत उतरणारे असतील तर अजून लवकर. मग लोकं त्या नालीच्या बाजूनं जातात, गवत मरते, वाट रुंद होत जाते. रोज गुरं घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्या नालीतून चालावं लागते, आपण तं रविवारी येतो अन जातो. म्हणून टेकडीवर माझा नियम एकच, मागं वळून पाहायचं आणि टायरची खोल रेघ दिसली तर उतरायचं, सायकल हातात घ्यायची आणि परत. आणि पांदणीत डबकं आलं तर त्याला वळसा घालून कोणाच्या सोयाबीनमध्ये नका शिरू, धुरा (शेताचा बांध) तुडवला की लोकं चिडतात आणि बरोबर चिडतात. खोली माहीत असेल तर सरळ डबक्यातून, नाही तं उतरून.

चेन_ऑईल
सायकलच्या बाजूनं सांगतो कारण "घरी येऊन धुवायची" एवढ्यावर भागत नाही. काळी माती आणि वाळलं गवत एकत्र झालं की गिलाव्यासारखं घट्ट बसतं, फोर्कच्या कमानीत आणि मागे चेन स्टेच्या (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूच्या फ्रेमच्या नळ्यांच्या) मधे. चाक जाम व्हायला लागलं की लोक जोर लावून पॅडल मारतात आणि तिथेच डिरेलरचा (गियर बदलणाऱ्या मागच्या भागाचा) हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारी पट्टी, वाकतो, कधी तुटतो, आणि नशीब खराब असेल तर डिरेलर सरळ स्पोकमध्ये जातो. म्हणजे पाचशे मीटरच्या चिखलापायी पूर्ण डिरेलर नवा. जाम वाटलं की थांबा, काडीनं माती काढा, खांद्यावर घेऊन चाला. स्वतःच्या मॉडेलचा हँगर एक जास्तीचा बॅगेत ठेवा, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, ऐन वेळी दुकानात मिळत नाही.
धुताना गाडी धुवायच्या सेंटरवर प्रेशरनं अजिबात नको, पाणी सील ओलांडून हबमध्ये आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये (पॅडलच्या मधल्या दांड्याच्या बेअरिंगमध्ये) जातं, बेअरिंग महिन्याभरात कर्रकर्र करायला लागतं. बादली, जुना ब्रश, हलक्या धारेचा पाईप. माती ओली असतानाच धुवा, वाळल्यावर दगड होतो. मग चेन फडक्यानं कोरडी करून तेल एकेका कडीवर, डिस्कवर एक थेंब पण उडू देऊ नका.

रामटेकची_लेक
धुऱ्यावरचा दादा बरोबर सांगून राहिले. फक्त एक जोडते, काळी माती सोडली तर जायला जागा आहेत की. सेमिनरी हिल्सच्या वाटा मुरमाच्या आणि दगडाच्या, मुरमातून पाणी लवकर निघून जातं, सकाळी पडला असेल तर संध्याकाळी जाता येतं. फक्त दगडावर शेवाळ असतं आणि सागाची ओली पानं, दोन्हीवर वळताना ब्रेक मारू नका, आधी हळू व्हा मग वळा. टायरमधली हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवली की पकड बरी मिळते. आमच्या रामटेक-मनसरकडे तर खडकच वेगळा आहे, हा मँगनीजच्या खाणींचा पट्टा, गडाच्या बाजूला भरड माती आहे, काळ्या रानासारखी चिपकत नाही. जंगल खात्याच्या हद्दीत मात्र विचारल्याशिवाय आत शिरू नका.

आणि मला मातीपेक्षा जास्त काळजी दोन गोष्टींची वाटते. एक रपटे (नाल्यावरचे ठेंगणे पूल), नाल्यावरून पाणी वाहत असेल तर सायकल असो की ट्रक, थांबायचं, वर पाऊस थांबला तरी मागचं पाणी नंतर येतं. दुसरी वीज. विदर्भात दर पावसाळ्यात विजेनं माणसं जातात, जास्त करून उघड्या शेतात नाही तं झाडाखाली. टेकडीच्या माथ्यावर आपणच सगळ्यात उंच असतो. दामिनी अ‍ॅप फोनमध्ये ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं आहे, आसपास वीज पडत असली की इशारा देते. गडगडाट ऐकू आला की खाली उतरायचं, झाडाखाली नाही.

फुटाळा_रायडर
सगळ्यांना थँक्यू. आत्ताच फेटरीला जाऊन आलो, पांदणीच्या तोंडाशी माती घेतली, वरून एकदम वाळलेली दिसत होती पण गोळा सोडला तं पोळीच्या उंड्यासारखा तसाच्या तसा पडला. चप्पलच्या तळाला जी चिपकली ती काडीनं काढावी लागली. आजूबाजूला एकही डवरा नव्हता. ग्रुपवर फोटो टाकला, उद्या सेमिनरी हिल्स ठरलं. एक राहिलं, चार-पाच दिवस झड लागली आणि मग उघाड पडली तर फेटरीला साधारण कधी बघायला जायचं?

धुऱ्यावरचा
झडीनंतर कडक ऊन आणि वारा दोन्ही असलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती घेऊन पाहा, ढगाळच राहिलं तर आठवडाही लागतो. टेकडी आधी होते, पांदण मागून, कारण पांदण खोलगट असते आणि दोन्ही शेताचं पाणी तिच्यातच येते. म्हणजे तुम्हाला टेकडीवर जायचंच असेल तर पांदण सोडा, डांबरीनं फिरून मागच्या बाजूनं चढा. थोडं लांब पडेल.

चढावर_चढ
पाण्याचं आणि त्या उताराच्या रेघेचं लक्षात आलं, टेकडीबद्दल माझं म्हणणं मागे घेतो. पांदणीबद्दल नाही. उद्या सेमिनरी हिल्सला किती वाजता आणि कोणत्या गेटवर? मी पण येतो.

फुटाळा_रायडर
या भाऊ. साडेपाचला, जपानी गार्डनच्या गेटवर.