पंजाची पहिली स्पर्धा: तयारी होईपर्यंत थांबावं की हरायलाच जावं?

टेबलावरचा_तात्या (धागाकर्ता)

गणपतीत मंडळाच्या मांडवात प्लास्टिकच्या टेबलावर पंजा लागतो आणि त्यातून दरवर्षी एकदोन पोरं विचारत येतात, "काका, हे स्पर्धेत कसं खेळायचं?" त्यांना जो तो एकच सांगतो: आधी जिम लाव, वर्षभर हात बनव, मग बघू. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो.

माझं मत असं. महिना-दीड महिना जाणत्या लोकांबरोबर टेबलावर सराव करावा, नियम समजून घ्यावेत, हात कुठे ठेवायचा आणि कुठे नाही ते शिकावं आणि नवोदितांची पहिली स्पर्धा दिसली की नाव द्यावं. हरायलाच जावं.

कारण पंजा हा दंडाचा खेळ नाही, हे टेबलापाशी उभं राहिल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. टी-शर्टच्या बाह्या फाटतील असा दंड घेऊन गडी येतो. समोरचा त्याच्या बोटांच्या टोकाशी जोर लावून स्वतःकडे ओढतो, गड्याची मूठ उघडते, मनगट मागे पडतं आणि मग त्या दंडाचा उपयोग फोटोपुरता उरतो. हा टॉपरोल. हुक म्हणजे दोघांची मनगटं आत वळलेली आणि अगदी जवळून चाललेली ओढाताण. प्रेस म्हणजे खांदा हाताच्या मागे आणून ढकलणं. यातलं आपल्या हाताला काय मानवतं हे केबल मशीन सांगत नाही, अनोळखी हात सांगतो. आणि अनोळखी हात मिळतात ते स्पर्धेत. सरावाच्या टेबलावर तेच चौघे भेटतात, महिन्याभरात त्यांच्या खोड्या पाठ होतात.

शिवाय रीतसर स्पर्धेत सहसा दोनदा हरल्यावरच माणूस बाहेर जातो आणि डावा-उजवा हात वेगळा धरतात. म्हणजे दोन्ही हातांना नाव दिलं तर अगदी कच्चा खेळाडूही चार लढती खेळून घरी येतो. त्या चार लढती मला जिमच्या चार महिन्यांपेक्षा मोलाच्या वाटतात.

बाकी हा खेळ वाढला कुठे, तेही बघा. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात १९५२ साली बिल सोबरानेस नावाच्या पत्रकाराने एका गुत्त्यात मनगटाच्या लढती लावल्या. १९६२ पासून तिथे जागतिक म्हणवणारी स्पर्धा भरू लागली आणि पुढे ती अमेरिकेत एबीसी वाहिनीवर घरोघरी दिसली. गुत्त्याच्या दारात जिमची पावती कुणी मागत नव्हतं.

तुटून पडा आता.

प्रोटीन_कोथरूड

तात्या, लिहिलंय झकास, पण तुमच्या भरवशावर जाणारा पोरगा कोपर धरून परत येणार.

"दंडाचा खेळ नाही" हे वाक्य प्रत्येक पंजावाला छाती पुढे काढून म्हणतो. मग जून २०२२ मध्ये दुबईत काय झालं? डेव्हन लॅरॅट म्हणजे वर्षानुवर्षं मुरलेला, डोक्याने खेळणारा माणूस. त्याला जॉर्जियाच्या धिप्पाड लेवान सगिनाश्विलीने ६-० ने धुतला. तंत्र दोघांकडेही होतं, फरक पडला तो अंगाचा. तंत्र सारखं झालं की शेवटी ताकदच बोलते.

आणि जिम म्हणजे आरशासमोर बायसेप्स फुगवणं नव्हे. मी पोरांना काय करायला लावतो? कराटेचा पट्टा केबलला अडकवायचा, अंगठ्यावर गुंडाळायचा आणि मनगट आत वळवत ओढायचं. जाड मुठीचा डंबेल. पुलअपच्या बारवर टॉवेल टाकून लटकायचं. हे वर्षभर केलेला पोरगा पहिल्यांदा टेबलावर येतो तेव्हा निदान त्याचं मनगट उभं असतं. तुमचा दीड महिन्याचा पाहुणा दोनदा हरतो, कोपर दुखवून घेतो, पुढच्या वर्षी बॅडमिंटन खेळतो. खेळाला माणसं मिळतात कुठे अशानं?

पेठेतला_खवचट

आधी महत्त्वाचा मुद्दा. प्रो पंजा लीगचा पहिला हंगाम २०२३ मध्ये दिल्लीत झाला. सहा संघ: कोची, हैदराबाद, लुधियाना, बडोदा, रोहतक आणि (श्वास घ्या) मुंबई. पुण्याचा संघ नाही. याचा निषेध नोंदवा, मग जिम की टेबल ते निवांत ठरवू.

फिजिओ_सहकारनगर

खवचटराव, निषेध नोंदवला. आता कामाचं.

दंडाचं हाड पंज्यात मोडलेले जे पेशंट मी पाहिले, ते बहुतेक पार्टीतले, ऑफिसच्या सहलीतले नाहीतर मांडवातले. तिथे रेफरी नसतो आणि भोवती आरडाओरडा करणारी मंडळी असतात. हरत आलेला माणूस शेवटचा जोर म्हणून खांदा आणि अख्खं अंग खाली टाकतो, तोंड भलतीकडे फिरवतो, हात मात्र मागेच राहतो. हाडाला पीळ बसतो आणि कोपराच्या वर ते मळसूत्रासारखं तिरकं मोडतं. आवाज शेजारच्यालाही ऐकू येतो. त्याच हाडाला वळसा घालून रेडियल नावाची नस जाते. तिला इजा झाली तर मनगट वर उचलता येत नाही, बोटं सरळ होत नाहीत. सावरायला महिनेच्या महिने लागतात.

म्हणून जाणते खेळाडू पहिल्या दिवशी "तुझ्या हाताकडे बघ" एवढंच बजावतात. तोंड हाताकडे असलं की खांदा सहसा हाताच्या मागेच राहतो. हे जिममध्ये कुणी शिकवत नाही, तिथे तात्यांचं बरोबर.

पण तात्या, तुमचा दीड महिना मला पटत नाही. स्नायू काही आठवड्यांत दाद देतो. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, फार सावकाश बळकट होतो. नवखा सहाव्या आठवड्यात खूश असतो, ताकद वाढल्यासारखी वाटते आणि नेमका तेव्हाच कोपराच्या आतल्या बाजूला ठणका सुरू होतो. त्यात स्पर्धेचा जोश म्हटला की सरावात जिथे सोडून दिलं असतं, तिथे माणूस धरून बसतो.

टेबलावरचा_तात्या (धागाकर्ता)

ताई, धरून बसतो हे खरं. पण ती सवय वर्षभर जिम केलेल्यालाही असतेच, उलट जास्त असते. महिन्याला हजारो रुपये भरून बनवलेला हात सगळ्यांसमोर पडतोय, हे त्याला सहनच होत नाही. हरण्याची सवय लवकर लागावी ती याचसाठी. जो पहिल्याच स्पर्धेत "गेला, सोडला" म्हणायला शिकतो त्याचा कोपर टिकतो.

कोथरूडकर, लेवानचं उदाहरण शिखरावरचं झालं. आपण दारात उभ्या असलेल्या माणसाबद्दल बोलतोय. मग जॉन ब्रझेंकचं काय? अंगाने सर्वांत जड गटाचा नाही, नोकरी विमानाच्या मेकॅनिकची, आणि आपल्यापेक्षा कितीतरी जड गड्यांना लोळवत आला. ते कसब टेबलावरच आलं.

प्रोटीन_कोथरूड

ब्रझेंक दशकानुदशकं खेळतोय, तात्या. फिजिओताई सांगतायत तो कंडरेला लागणारा वेळ त्याने असा दिला. तो तुमच्या बाजूचा साक्षीदार नाही, माझ्या बाजूचा आहे.

भोसरीचा_पैलवान

आमच्याकडे तालमीत हा वाद केव्हाच मिटलाय, म्हणून बोलतो.

जत्रेच्या फडात मोठ्या कुस्त्यांच्या आधी काय लागतं? पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. लंगोट नीट बांधता येत नाही अशी पोरं फडात उतरतात, धूळ खातात, रेवड्या घेऊन आईकडे पळतात. कुणी म्हणत नाही की आधी वर्षभर जोर-बैठका मार आणि मग ये. म्हणजे लवकर उतरायला आमची हरकत नाही, तात्यांना माझा पाठिंबा.

पण तात्या एक गोष्ट गाळतायत. त्या पोरांची जोड लावतात. पंच दोघांना शेजारी उभं करतात, उंची-वजन नजरेनं तोलतात, वस्ताद मान हलवतो, मगच हात मिळतो. तुमच्या पंजात वजनगट असतो, पण त्याच वजनात कुणी दहा वर्षं खेळलेला आला तर? एका स्पर्धेत नवोदित गटात मी नाव दिलं होतं. समोर आला तो गडी, त्याच्या अंगठ्याच्या बुडाला घट्टे! त्याने माझा हात हातात घेतला तेव्हाच मला कळलं की हा नवोदित नाही. नुसती पकड लावताना त्याने माझं मनगट अर्धं खाल्लं होतं. आयोजकांना विचारलं तर म्हणाले, "फॉर्मवर त्यांनी नवोदित लिहिलंय." संपला विषय.

लाकडी करेला आणि मुद्गल फिरवलेला माझा हात होता म्हणून निभावलं. एखाद्या कॉलेजच्या पोराचं काय झालं असतं?

मनगटवाली

सगळे काका लोक "सरावाला चार जण असतातच" असं धरून चाललेत. बाईला नसतात. मी ज्या टेबलावर जायचे तिथे सगळे पुरुष. माझ्याशी खेळताना एक तर लुटुपुटूचा जोर लावायचे, नाहीतर मी मनगट दाबलं की चिडून एकदम आपटायचे. दोन्हीतून शिकायला काही मिळत नाही. माझ्या वजनाच्या, माझ्याएवढ्या पंजाच्या बायका मला पहिल्यांदा भेटल्या त्या स्पर्धेत. वजन करायच्या रांगेत आम्ही एकमेकींचे नंबर घेतले, तिथून आमचा गट जमला. मी वर्षभर तयारी करत बसले असते तर कुणाबरोबर केली असती?

आणि नियम! व्हिडिओ बघून नियम कळतात हा भ्रम आहे. रेफरी खांदे टेबलाला समांतर करायला लावतो, दोघींच्या अंगठ्याचं पेर दिसतंय का ते वाकून बघतो, मनगटं सरळ करतो. हात थरथरत असतो. "रेडी" आणि "गो" यांच्यामध्ये किती वेळ जाईल ते आपल्या हातात नसतं. मी आधीच हलले, ताकीद. परत हलले, दुसरी ताकीद, म्हणजे एक फाऊल. तिसऱ्यांदा सुरुवात बरोबर झाली आणि जोरात माझा कोपर टेबलावरच्या कोपर टेकायच्या गादीवरून सुटला. दुसरा फाऊल, लढत गेली. समोरचीनं मला पाडलंसुद्धा नव्हतं! कोथरूडकर, याला कुठला डंबेल आहे?

प्रोटीन_कोथरूड

@मनगटवाली, फाऊलचा मुद्दा मान्य. त्याला डंबेल नाही.

चिंचवडचा_बाबा

मुलगा पंधरा वर्षांचा. दिवसभर मोबाईलवर लॅरॅट, रात्री जेवणाच्या टेबलावर माझ्याशी पंजा. शाळेतही लढवतो. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे म्हणतोय, ज्युनिअर गट असतो म्हणे. तात्यांचा धागा त्याला दाखवू की लपवू?

फिजिओ_सहकारनगर

लपवा. वाढीच्या वयात, साधारण तेरा ते सोळा, कोपराच्या आतल्या बाजूचा हाडाचा उंचवटा मुख्य हाडाशी पक्का जुळलेला नसतो. मनगट आत वळवणारे स्नायू नेमके तिथेच चिकटलेले असतात. झटक्यात जोर बसला की स्नायू शाबूत राहतो आणि हाडाचा तो तुकडाच ओढून निघतो. पंजा लढवताना या वयात होणारी ही ओळखीची दुखापत आहे. ज्युनिअर गट असला म्हणजे कोपर सीनिअर होत नाही. तोवर त्याला मल्लखांबाला पाठवा, पकड तिथेही येते. आणि शाळेतल्या बाकावरचं पहिलं बंद करा.

टेबलावरचा_तात्या (धागाकर्ता)

बाबा, ताईंचं ऐका. मी वर लिहिलंय ते अठराच्या पुढच्यांसाठी समजा.

पैलवान, जोडीचा मुद्दा लाखाचा. पण त्यावर इलाज आयोजकांनी करायचाय, नवख्याने घरी बसून नाही. ज्याने आजवर कुठेही पदक घेतलेलं नाही तोच नवोदित, एवढी एक ओळ फॉर्मवर घाला आणि पंचांना खोटं नाव काढून टाकायचा अधिकार द्या. आणि मनगटवालीताईंनी सांगितलं ते दिव्यांग खेळाडूंनाही लागू आहे. लीगमध्ये त्यांच्या लढती असतात, टीव्हीवर दिसतात, पण गल्लीतल्या टेबलावर त्यांना जोडीदार कुठून मिळणार? त्यांनाही स्पर्धाच गाठावी लागते.

भोसरीचा_पैलवान

फॉर्मवर ओळ घालून काय होणार, तात्या? नाव बदलून येतील. तालमीत वस्तादाला पोरगा ओळखीचा असतो म्हणून जोड जमते. तुमच्यात वस्तादच नाही, रविवारी भेटणारे चार दोस्त आहेत. नवख्यासोबत स्पर्धेला एक जाणता माणूस गेलाच पाहिजे, आणि समोरचा हात बघून "ही लढत सोड" म्हणायचा हक्क त्याला पाहिजे. तसा माणूस नसेल तर कोथरूडकरांचं वर्षभर थांबणंच बरं.

प्रोटीन_कोथरूड

पैलवान, शेवटचं वाक्य फ्रेम करून जिममध्ये लावतो.

तात्या, माझी पोरं वर्ष पुरं झाल्याशिवाय येणार नाहीत. मी मात्र येतो. रविवारी टेबल कुठे लागतं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पकड सुटली तर दोघांचे हात पट्ट्याने बांधायचे, नियमात आहे तसं. तुमचा टॉपरोल समोरच्याची मूठ उघडण्यावर चालतो ना? पट्टा बांधल्यावर किती चालतो ते बघूच.