मदत हवी आहे: ग्रँड कॅन्यनमध्ये एकट्याने दिवसभराचा ट्रेक

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या वाळपईचा. ऑक्टोबरमध्ये भावाकडे ॲरिझोनाला जातोय, तेव्हा ब्राइट एंजल ट्रेलने हवासुपाई गार्डन्सपर्यंत उतरून त्याच दिवशी वर यायचंय. एका बाजूने ७ किलोमीटर, उतार ९०० मीटरच्या वर. आमच्या सत्तरी तालुक्याचे डोंगर माझ्या पायाखालचे; पण तिथे आधी चढ, मग उतार. कॅन्यनमध्ये उलटं, दमलेल्या पायांनी चढायचं. शिवाय आपल्याकडे शर्ट पिळावा इतका घाम दिसतो. वाळवंटात तो अंगावरच सुकतो, पाणी किती गेलं ते कळतच नाही.

कोणी केलाय का हा ट्रेक? पाणी किती लिटर न्यावं? मीठ लावलेली कोकमाची सोलं सोबत घेतोय, तेवढं पुरेल का? माघारी कितीला वळावं? आई रोज विचारते, तिला नीट सांगायचंय.