मदत हवी आहे: एनएफएलचं (अमेरिकन फुटबॉलच्या लीगचं) सर्वांत मोठं स्टेडियम नक्की कोणतं? बाबांना मॅच दाखवायची आहे

एडिसनकर

नमस्कार मंडळी. बाबा यंदा दिवाळी उरकून इकडे न्यू जर्सीला येणार आहेत. वय चौऱ्याहत्तर, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये बसून उभी हयात क्रिकेट पाहिलेला माणूस. फोनवर त्यांनी एवढंच मागितलंय: "तुमच्या त्या अमेरिकन फुटबॉलचं सगळ्यात मोठं मैदान दाखव, आणि तेही भरलेलं." माझी फार इच्छा आहे की हे जमावं.

यादी काढायला बसलो तर आकडे काही जुळेनात. मेटलाइफ ८२,५००; हे जायंट्स आणि जेट्स या दोन्ही टीमचं घरचं मैदान, आमच्यापासून जवळच. मग ग्रीन बे पॅकर्सचं लॅम्बो फील्ड ८१,४४१. मग डॅलस काउबॉइजचं एटी अँड टी स्टेडियम ८०,०००. इथवर ठीक. पण याच डॅलसच्या मैदानापुढे एका ठिकाणी १,०५,१२१ दिलंय. ऐंशी हजार खुर्च्यांवर एवढी माणसं बसली कुठे? वॉशिंग्टनच्या मैदानाचं तर उलटंच: जुन्या यादीत ९१ हजारांच्या वर, नव्या यादीत पासष्ट हजारांच्या आत.

तर यातलं मोठं कुठलं धरायचं? आणि गुडघा सांभाळून, थंडीच्या दिवसांत बाबांना कुठे नेणं शहाणपणाचं? डॅलसला माझा आतेभाऊ आहे, त्यामुळे तिकडे राहायची सोय होईल. ग्रीन बेला कोणी ओळखीचं नाही.

डॅलसनिवासी

१,०५,१२१ हा आकडा खरा आहे, पण ती खुर्च्यांची संख्या नाही. स्टेडियम २००९ साली उघडलं, तेव्हा सप्टेंबरमध्ये जायंट्सविरुद्ध पहिली साखळी मॅच झाली. त्या दिवशी आत आलेल्या प्रेक्षकांचा तो आकडा. दोन्ही टोकांना मोठाले कट्टे आहेत, तिथली 'पार्टी पास' नावाची स्वस्त तिकिटं मिळतात. त्यांना खुर्ची नसते. दारं उघडली की लोक पळत जाऊन कठड्याची जागा धरतात आणि मॅचभर उभे राहतात. काउबॉइजच्या घरच्या मॅचला सरासरी नव्वद हजारांच्या वर गर्दी होते ती या उभ्या प्रेक्षकांमुळेच. त्यामुळे भरलेलं मैदान म्हणाल तर आमच्याकडे या. खुर्च्याच मोजायच्या तर मेटलाइफ पहिलं.

बाबांसाठी मात्र चुकूनही पार्टी पास घेऊ नका. छत मिटतं, आत वातानुकूलित आहे, म्हणजे थंडीची काळजी नाही. पण स्टेडियम आर्लिंग्टनमध्ये आहे. तिथे रेल्वे जात नाही, गाडीच काढावी लागते आणि पार्किंगपासून बरंच चालावं लागतं.

जास्तीच्या जागांबद्दल एक सांगतो. फेब्रुवारी २०११ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, इथेच झाला. प्रेक्षकसंख्येचा विक्रम मोडायचा म्हणून तात्पुरत्या खुर्च्या बसवल्या होत्या, पण त्यातल्या साधारण १,२५० खुर्च्यांचं काम वेळेत झालं नाही आणि अग्निशमन खात्याने त्या वापरू दिल्या नाहीत. बऱ्याच लोकांना दुसरीकडे बसवलं, पण सुमारे चारशे जण हातात तिकीट असून खुर्चीविना राहिले. प्रेक्षक भरले १,०३,२१९. विक्रम थोडक्यात हुकला. तेव्हापासून 'एवढे मावतात' असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, बसून की उभ्याने?

विस्कॉन्सिनची सून

लॅम्बोबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ग्रीन बे शहराची वस्तीच एक लाखाच्या थोडी वर आणि मैदानात ८१ हजार! १९५७ मध्ये उघडलं तेव्हा साडेबत्तीस हजार जागा होत्या. टीम कुणा एका शेठची नाही, पाच लाखांहून जास्त भागधारकांची आहे. त्या शेअरवर लाभांश मिळत नाही, तरी लोक चौकटीत लावून भिंतीवर टांगतात. माझ्या सासऱ्यांनी दिवाणखान्यात, लग्नाच्या फोटोशेजारी लावलाय. सीझन तिकिटाच्या प्रतीक्षायादीत लाखाच्या वर नावं आहेत. मूल जन्मलं की त्याचं नाव यादीत घालतात.

पण तुमच्या बाबांसाठी मी 'नको'च म्हणेन. जुन्या भागात खुर्च्या नाहीत, ॲल्युमिनियमचे बाक आहेत. पाठ टेकायला काही नाही, प्रत्येकाला बाकावरच्या दोन आकड्यांमधली जागा. जाड कोट घातलेली माणसं त्यात मावत नाहीत, सगळे अर्धे वळून बसतात. खालून गारवा हाडात शिरतो. ३१ डिसेंबर १९६७ ला इथे उणे २५ सेल्सिअसमध्ये मॅच झाली होती, लोक अजून तिला 'आइस बोल' म्हणून आठवतात. डिसेंबरात गुडघा धरेल हो. उन्हाळ्यात आलात तर स्टेडियमची सहल करा. खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात येतात, त्यातून तुम्हालाही नेतात.

मैदानवेडा

वॉशिंग्टनच्या मैदानाचं सांगतो. ते लँडओव्हर, मेरिलँडला आहे. वरच्या मजल्यावरच्या हजारो खुर्च्या मालकांनी टप्प्याटप्प्याने काढून टाकल्या. कारण साधं: तिकिटं खपत नव्हती आणि रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर वाईट दिसतात. शिवाय २०१४ च्या हंगामापर्यंत नियम होता की मॅचच्या ७२ तास आधी सगळी तिकिटं संपली नाहीत तर स्थानिक टीव्हीवर प्रक्षेपण बंद. जॅक्सनव्हिलने तर २००५ मध्ये हजारो खुर्च्यांवर ताडपत्री घातली, म्हणजे त्या जागा हिशेबातच धरायला नकोत.

आता नवी मैदानं मुळातच लहान बांधतात. लास व्हेगसचं २०२० चं मैदान ६५ हजारांचं. बफेलोचं जुनं ७१ हजारांवर होतं, नवं बासष्ट हजारांच्या आसपास. जागा कमी, खासगी कक्ष जास्त, पैसा तिकडे. मला हे आवडत नाही. वरच्या मजल्यावरचा स्वस्त तिकिटाचा माणूस यात पहिला कटतो. म्हणूनच मेटलाइफ, लॅम्बो, आणि कॅन्सस सिटीचं १९७२ पासूनचं ७६ हजारांचं ॲरोहेड ही मैदानं भरलेली पाहून घ्यावीत.

बाबांना अहमदाबादच्या १ लाख ३२ हजारांशी तुलना करायची असेल तर आधीच सांगून ठेवा, एनएफएलमध्ये लाख खुर्च्यांचं मैदान आज एकही नाही. लाखाच्या वरची सगळी कॉलेजांची. मिशिगन विद्यापीठाचं १,०७,६०१.

माझं मत: मेटलाइफच. २०२६ च्या फुटबॉल (सॉकर) विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठीही तेच निवडलं, बाबांना हे सांगा, ऐट वाटेल. तिकीट काढताना 'ॲक्सेसिबल' जागा शोधा. व्हीलचेअर नसली तरी ज्यांना पायऱ्या चढणं अवघड आहे त्यांना ती घेता येते, आणि उपलब्ध असतील तर शेजारची आणखी तीन तिकिटं सोबतच्यांसाठी मिळतात. ३०० क्रमांकाच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरून सगळी गर्दी एका नजरेत दिसते खरी, पण तिथल्या पायऱ्या फार उभ्या आहेत.

एडिसनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मेटलाइफ नक्की केलं. रविवारी दुपारी एकची मॅच बघतोय, म्हणजे ऊन असताना निम्मी तरी होईल. छत नाही, त्यामुळे थर्मल, कानटोपी आणि बसायला जाड उशी घेईन.

@विस्कॉन्सिनची सून, बाबांना तुमच्या सासऱ्यांच्या शेअरचं सांगितलं. "म्हणजे गावाचीच टीम!" म्हणाले, आणि आता पॅकर्सची मॅच टीव्हीवर लावायला सांगतायत.

अजून दोन शंका. एडिसनहून ट्रेनने सिकॉकस आणि तिथून मेडोलँड्सची (स्टेडियमजवळच्या स्टेशनची) मॅचच्या दिवशीची ट्रेन, हे बाबांना झेपेल की गाडीच न्यावी? आणि पारदर्शक पिशवीचा नियम आहे, तर त्यांच्या औषधांचा डबा आत नेऊ देतात का?

मैदानवेडा

जाताना ट्रेन उत्तम, सिकॉकसला लिफ्ट आहे. परतताना मात्र सगळा लोंढा एकदम प्लॅटफॉर्मकडे जातो. मॅच संपल्यावर वीसेक मिनिटं जागेवरच बसून राहा, गर्दी ओसरू द्या. औषधं नेता येतात, वेगळी तपासणी होते. मूळ बाटल्यांत न्या, म्हणजे प्रश्न येत नाही. आणि जेट्सची मॅच असेल तर स्टेडियमचे दिवे हिरवे, जायंट्सची असेल तर निळे. त्याप्रमाणे बाबांचा मफलर घ्या.