प्रेप एचपीएलसीच्या पूलसाठी नॅनोफिल्ट्रेशन : कोणती मेम्ब्रेन घ्यावी?

बुटीबोरी_प्रोसेस
पेप्टाइड साधारण ४,१०० डाल्टनचं (डाल्टन म्हणजे रेणूभाराचं एकक). प्रेप एचपीएलसीने (शुद्धीकरणाच्या कॉलमने) शुद्ध करून एकत्र जमा केलेलं द्रावण, म्हणजे पूल, दर बॅचला ५०० लिटर, ४ ग्रॅम प्रति लिटर, अ‍ॅसिटोनायट्राइल ३५ टक्के, थोडं टीएफए (ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल). व्हॅक्यूमखाली आटवताना फेस येतो, वेळही फार जातो. लायोफिलायझरआधी (गोठवून वाळवण्याआधी) ५० लिटरवर आणायचंय, म्हणून नॅनोफिल्ट्रेशन, म्हणजे दाबाने अतिबारीक छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून गाळणं, बघतोय. त्याच युनिटवर पेप्टाइड ज्यावर जोडत नेतात ते रेझिन धुतलेला डीएमएफही (द्रावक) परत मिळेल का?

झिरपा
डीएमएफचा विचार या युनिटसाठी सोडा. तो ७३ डाल्टनचा आणि त्यात मिसळलेलं पाइपेरिडीन (अमिनो आम्लावरचा एफमॉक हा संरक्षक गट काढणारं) ८५ चं. एवढ्याशा फरकावर मेम्ब्रेन त्यांना वेगळं करत नाही. पाइपेरिडीनचा अंश कपलिंगमध्ये (पुढचं अमिनो आम्ल जोडताना) गेला तर एफमॉक अवेळी निघतो आणि तेच अमिनो आम्ल दोनदा जोडलं जातं. तिथे डीप्रोटेक्शननंतरचं (एफमॉक काढल्यानंतरचं) शेवटचं धुणं पुढच्या सायकलच्या पहिल्या धुण्याला वापरा, बाकीचं डिस्टिलेशनला.

पूलसाठी मात्र मेम्ब्रेन अगदी योग्य, कारण पेप्टाइड अ‍ॅसिटोनायट्राइलच्या शंभरपट मोठं आहे. पण कॅटलॉगमधला कट-ऑफ आकडा म्हणजे तेवढ्या डाल्टनच्या रेणूंची ९० टक्के अडवणूक, आणि तीही त्यांच्या चाचणी-द्रावकात. तुमच्या द्रावणात मेम्ब्रेन फुगून छिद्रं मोकळी होऊ शकतात. ३०० ते ५०० डाल्टनच्या दोन-तीन शीट मागवून स्वतः तपासा.

अडवणूक ९९ टक्के ऐकायला छान वाटते. दहापट आटवताना त्यात २.३ टक्के माल जातो. ९५ टक्के असेल तर ११ टक्के. ९९.९ ला मात्र पाव टक्क्याच्या आत. त्यामुळे परमिएटचे (मेम्ब्रेनमधून झिरपून आलेल्या द्रावणाचे) नमुने दुप्पट, पाचपट आणि दहापटीला घेऊन एचपीएलसीवर बघा. शेवटी मेम्ब्रेन ५० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलने धुऊन चिकटलेला माल हिशेबात धरा, नाहीतर मास बॅलन्स (आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या मालाचा हिशेब) जुळत नाही. नवी शीट आधी भरपूर द्रावकाने धुवा, तिच्यात जपणुकीचं तेल किंवा ग्लिसरीन असतं.

बुटीबोरी_प्रोसेस
म्हणजे ५० लिटरमध्ये अ‍ॅसिटोनायट्राइल जवळपास संपलेलं असेल ना?

झिरपा
नाही. ते पाण्याबरोबर जवळजवळ त्याच प्रमाणात झिरपतं, म्हणून आकारमान घटतं, टक्केवारी नाही. नंतर ५० लिटर पातळी कायम ठेवून १५० लिटर पाणी घाला (डायाफिल्ट्रेशन). ३५ टक्के दोनच्या खाली येतात. ९९ टक्के अडवणुकीत इथे आणखी ३ टक्के माल जातो, तो धरा. टीएफए मात्र पेप्टाइडला मीठ म्हणून बांधलेलं असतं, नुसत्या पाण्याने पूर्ण निघत नाही.

एकूण ६०० लिटर परमिएट १२ तासांत काढायचं, फ्लक्स (झिरपण्याचा वेग) ताशी १० लिटर प्रति चौरस मीटर धरला तर ५ चौरस मीटर लागतात. चाचणीतला फ्लक्स शुद्ध द्रावकाचा नव्हे, आटलेल्या द्रावणाचा घ्या.

वर्धा_रोड
अ‍ॅसिटोनायट्राइल उतरलं आणि पीएच समविद्युत बिंदूकडे (जिथे पेप्टाइडवरचा एकूण विद्युतभार शून्य होतो) सरकला की लांब पेप्टाइड जेल होतं. मग दाब वाढवून फ्लक्स आणायला जाऊ नका, थर आणखी घट्ट बसतो. क्रॉसफ्लो (मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावरून वाहणारा प्रवाह) वाढवा, किंवा ५० ऐवजी ७० लिटरवर थांबा. २०-३० बार दाबावर फिरणारं द्रावण पंपाने तापतं. नागपूरच्या मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणी अपुरं पडतं. टँकच्या जॅकेटला चिलर जोडाच. व्हायटनच्या ओ-रिंग अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये फुगतात, ईपीडीएम किंवा पीटीएफई घ्या. अ‍ॅसिटोनायट्राइलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) २ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे फ्लेमप्रूफ मोटर, अर्थिंग आणि टँकवर नायट्रोजन हवाच.

बुटीबोरी_प्रोसेस
परमिएटचं काय करायचं?

वर्धा_रोड
पीएच ७ च्या आसपास आणून डिस्टिल करा. कॉस्टिक जास्त झालं तर अ‍ॅसिटोनायट्राइल तुटून अ‍ॅसिटामाइड होतं. साध्या कॉलमवर वजनाने ८४ टक्क्यांच्या आसपास थांबाल, तो पाण्याबरोबरचा अ‍ॅझिओट्रोप (साध्या डिस्टिलेशनने न फुटणारं मिश्रण) आहे. मोबाइल फेजसाठी (एचपीएलसी कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकासाठी) तेवढं चालतं, प्रमाण मोजून दुरुस्त करायचं. पहिल्यांदा त्याच उत्पादनात, त्याच टप्प्यात वापरा: आयसीएच क्यू७ (औषधी घटकांच्या उत्पादनाचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक) परवानगी देतं, पण पुनर्प्राप्तीची पद्धत नियंत्रित आणि तपासलेली हवी. उरलेलं वापरलेलं द्रावक २०१६ च्या घातक कचरा नियमांत २८.६ खाली येतं. युनिट बसवण्याआधी एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतीपत्रात पुनर्प्राप्ती दाखवलेली आहे का ते बघून घ्या.