'रुमी मस्तकी'मधला रूम कुठला?

काल आजीसाठी काष्ठौषधींच्या दुकानातून रुमी मस्तकी आणली. पुडीत पिवळट, थेंब गोठल्यासारखे खडे. नावाचा अर्थ विचारला तर दुकानदारांनी ठोकून दिलं, "मस्तकाला चांगली, म्हणून मस्तकी. आणि रुमी म्हणजे ते कवी, त्यांच्या गावची." निम्मं तरी खरं असेल का? कुणी रूम म्हणजे तुर्कस्तान सांगतं, कुणी रोम. जाणकारांनी सांगावं.

* * *

मस्तकाचा काडीचा संबंध नाही, ताई. मूळ ग्रीक शब्द 'मास्तिखे', आणि त्याचं नातं चावण्या-चघळण्याशी. एक खडा दाताखाली धरून बघा: आधी कटकन फुटतो, मग हळूहळू चिकट होऊन बसतो. खिऑस नावाच्या ग्रीक बेटाच्या दक्षिण भागात झाडाच्या सालीला चिरा पाडून हा डिंक काढतात.

आता रूम. रोम आणि तुर्कस्तान, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि गंमत तिथेच आहे. कॉन्स्टंटाइन या रोमन सम्राटाने इ. स. 330 मध्ये बॉस्फरसच्या सामुद्रधुनीकाठी, बायझँटिऑन या जुन्या गावी, कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) ही नवी राजधानी उभी केली. पुढे 476 मध्ये इटलीतल्या शेवटच्या बादशहाला गादीवरून उतरवलं, तरी पूर्वेकडचं राज्य पुढे हजारभर वर्षं टिकलं. तिथली प्रजा ग्रीक बोलायची, पण स्वतःला 'रोमाइओइ', म्हणजे रोमनच, म्हणायची. अरबांचे शेजारी हेच रोमन. कुराणातला 30वा अध्याय 'अर-रूम', तो यांच्याच नावाचा. म्हणजे पूर्वेकडच्या भाषांमधला रूम हा इटलीतला नव्हे, कॉन्स्टँटिनोपलचा.

* * *

मग शाळेत आपण 'बायझँटाईन साम्राज्य' शिकलो ते काय होतं?

* * *

तेच. फक्त त्या लोकांनी आपल्या राज्याला हे नाव कधी दिलं नाही. 1557 मध्ये हिएरोनिमस वोल्फ या जर्मन पंडिताने त्यांच्या इतिहासग्रंथांचा संग्रह छापला, त्यावर हे विशेषण होतं. तोवर शेवटचा सम्राट अकरावा कॉन्स्टंटाइन लढता लढता मरून (29 मे 1453) शंभरावर वर्षं झाली होती. मेल्यावर बारसं म्हणतात ते हे! सोयीचा शब्द आहे, मीही वापरतो, पण तो वापरला की माणसं रोमन नव्हतीच असं वाटायला लागतं, ते मला खटकतं. इस्तंबूलमधल्या ग्रीकांना तुर्की भाषेत आजही 'रूम'च म्हणतात.

दुकानदारांनाही थोडे गुण द्यायला हवेत. कवी रुमी आयुष्याचा बराच काळ आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्यात राहिले, 1273 मध्ये तिथेच वारले. तो मुलूख आधी रोमन सम्राटांचा होता, म्हणून सेल्जुक तुर्कांनी घेतल्यावरही त्याला रूमच म्हणत राहिले. डिंक कवींच्या गावचा नाही, एवढंच.

* * *

रुमी म्हटलं की आम्हा नगरकरांना तोफच आठवते. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान 1549 मध्ये अहमदनगरला ओतली. ओतणारा रुमीखान, म्हणजे तोवर 'रुमी'चा अर्थ उस्मानी तुर्क असा झालेला. मलिक-ए-मैदान म्हणजे रणांगणाचा धनी. आपल्या जिभेने त्याचं 'मुलूखमैदान' केलं आणि तोफ सभेत नेऊन ठेवली. एखादा वक्ता मुलूखमैदान तोफ असतो तेव्हा त्यात मुलूख कुठून आला, हे कुणी विचारत नाही.

* * *

अवांतर आहे, पण 'कैसर'ही याच घरातला ना? कैसर-इ-हिंद वगैरे?

* * *

अवांतर कसलं, सख्खा भाऊ आहे. ज्युलिअस सीझरचं आडनाव लॅटिनमध्ये साधारण 'काइसर' असं उच्चारत. म्हणजे आपला कैसर मुळाच्या जवळचा आणि इंग्रजीतून आलेला सीझर लांबचा. कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमदने 'कैसर-इ-रूम' हा किताब लावला. 1877 च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी 'कैसर-इ-हिंद' झाली. त्याच नावाचं पदक 1919 मध्ये पंडिता रमाबाईंना मिळालं. आणि 1914 चं महायुद्ध बघा: एकीकडे जर्मनीचा कैसर, समोर रशियाचा झार (तोही सीझरच) आणि हिंदुस्थानचा कैसर म्हणून पंचम जॉर्ज. एकाच आडनावाची भाऊबंदकी!

* * *

आणि आमच्याकडे "सुनेचं सीझर झालं" म्हणतात ते?

* * *

😀 ते 'सिझेरियन'चं घरगुती रूप. पण ज्युलिअस स्वतः तसा जन्मला ही गोष्ट पटण्यासारखी नाही. त्या काळी पोट फाडल्यावर आई वाचणं कठीण, आणि याची आई ऑरेलिया तो चाळिशी ओलांडेपर्यंत हयात होती.

* * *

सगळ्यांचे आभार. आजीला तोफेपर्यंतचं सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते असू दे, आधी पुडीला बुरशी लागायच्या आत डब्यात भर." एक शेवटचं: 'रूम' दीर्घ आणि 'रुमी' ऱ्हस्व असं का लिहिताय सगळे? की टंकनदोष?

* * *

दोष नाही, नियम आहे. अकारान्त शब्दात शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, म्हणून 'रूम'. शेवटी दीर्घ 'मी' आला की तेच ऱ्हस्व होतं, म्हणून 'रुमी'. फूल-फुली, तसं. हॉस्टेलची रूमही लिहायची दीर्घच, पण तिचा आणि कॉन्स्टंटाइनचा काही संबंध नाही.

आणि डिंकाला बुरशी लागत नाही म्हणावं. उन्हात मात्र ठेवू नका, खडे एकमेकांना चिकटतात.