मदत हवी आहे: १९२९ ते १९३३, मधली साडेतीन वर्षं कशी सांगू?

जुनी_रोखपाल

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दर महिन्याला कुणीतरी पाऊण तास बोलतं. या खेपेला 'अमेरिका: तेजी ते महामंदी' हा विषय माझ्या गळ्यात पडलाय. मी काही इतिहासाची नव्हे. तेहतीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसले, एवढीच पात्रता. श्रोते म्हणजे निवृत्त शिक्षक, द्राक्षबागायतदार आणि दोन-तीन वकील. वकील प्रश्न विचारतात.

सुरुवात जमलीय, जॅझ संगीताच्या त्या तेजीच्या जमान्यापासून. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला होती, ती १९२५ च्या सुमारास तीनशेच्या आत आली. गाडी हप्त्यावर, रेडिओ हप्त्यावर, शेअरसुद्धा दहा-वीस टक्के रोख आणि बाकी दलालाच्या उधारीवर. अर्थमंत्री मेलन यांनी बड्यांचा प्राप्तिकर ७३ टक्क्यांवरून २५ वर आणला. कागदोपत्री दारूबंदी होती आणि शहरांत चोरून पिणं जोरात. शेवटही तयार आहे: रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाला, ४ मार्च १९३३.

अडलंय मधे. जो तो सांगतो, २९ ऑक्टोबर १९२९ ला बाजार कोसळला आणि मंदी आली. मला हे पटत नाही. बारा कोटींच्या देशात दलालाकडे खातं असलेले जेमतेम पंधरा लाख. मग ज्याने जन्मात शेअर पाहिला नाही, त्या आयोवातल्या शेतकऱ्याची बँक का बुडाली? शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ होता. आपटला, पण १९३० च्या एप्रिलपर्यंत बराच सावरलाही होता. तळ गाठला ४१ वर, तो जुलै १९३२ मध्ये. मग घात झाला कधी?

दुसरं म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हूवर. १९२८ ला ४८ पैकी ४० राज्यं जिंकलेला माणूस १९३२ ला सहा राज्यांवर कसा आला? त्याने खरंच काहीच केलं नाही का?

लिंका आणि पीडीएफ नकोत, डोळे दुखतात. आगाऊ आभार.

बांधावरून

ताई, शेतकऱ्याची मंदी १९२९ ला सुरू झालीच नाही, १९२० ला झाली. महायुद्धात युरोपला गहू हवा होता, म्हणून अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, गवताळ माळ नांगरले. युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज मात्र होतं तेवढंच. जादा माल सरकारने उचलून परदेशात विकावा, असं विधेयक काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, दोनदा मंजूर केलं. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी १९२७ ला नाकारलं, १९२८ ला पुन्हा नाकारलं. त्या तथाकथित तेजीच्या दशकातच पाच हजारांवर बँका बुडाल्या, बहुतेक गावाकडच्या. तुमचे द्राक्षवाले हे एका वाक्यात समजतील, त्यांना जॅझ ऐकवत बसू नका.

शाईचा_डाग

वरच्याला जोडून. कितीतरी राज्यांत बँकेला शाखा काढायला एकतर बंदी, नाहीतर जाचक अटी. म्हणजे एक गाव, एक इमारत, एक बँक. पीक गेलं की कर्जदार आणि ठेवीदार दोघेही एकदम आडवे, कारण माणसं तीच. शेजारच्या कॅनडात देशभर शाखा असलेल्या मोजक्या बँका होत्या. मंदी तिथेही तेवढीच भयंकर होती, पण एकही बँक बुडाली नाही.

तुम्हाला हवी ती तारीख माझ्या मते १९३० चा नोव्हेंबर-डिसेंबर. आधी टेनेसी राज्यातली कॉल्डवेल ही वित्त कंपनी गेली आणि तिच्याशी बांधलेल्या दक्षिणेकडच्या बँका पाठोपाठ. मग ११ डिसेंबरला न्यूयॉर्कची 'बँक ऑफ युनायटेड स्टेट्स'. खाजगीच बँक, पण नाव असं की साध्या माणसाला सरकारी वाटावी. चार लाखांवर खातेदार, त्यांत कापड-शिलाईच्या धंद्यातले ज्यू स्थलांतरित पुष्कळ. १९३० ते ३३ मध्ये मिळून नऊ हजारांच्या आसपास बँका गेल्या.

जुनी_रोखपाल

शाईचा_डाग, हे मी पाहिलंय हो! आमच्या पेठेतली एक पतसंस्था बुडाली, आणि जिचा तिच्याशी काडीचा संबंध नाही त्या आमच्या शाखेत दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीपासून रांग. मॅनेजरांनी मला नोटांच्या थप्प्या काचेतून दिसतील अशा रचायला सांगितल्या. दुपारपर्यंत रांग पातळ झाली. घाबरलेल्या माणसाला ताळेबंद दाखवून काही होत नाही.

सोनेरी_पिंजरा

सगळा दोष फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने पौंडाच्या बदल्यात ठरलेलं सोनं देणं बंद केलं, आता डॉलरही तेच करेल या भीतीने अमेरिकेतलं सोनं बाहेर जायला लागलं, आणि या शहाण्यांनी ऑक्टोबरमध्ये व्याजदर दीडवरून साडेतीन टक्क्यांवर नेला. बँका धडाधड पडत असताना!

ओहायोकर

'सगळा' म्हणू नका, पण मुद्दा बरोबर आहे.

हूवरबद्दल. 'काही केलं नाही' हा प्रचार झाला. पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपाशी जनतेला अन्न पोचवून नाव कमावलेला इंजिनिअर माणूस तो. विरोधी डेमोक्रॅटांची अवस्था अशी, की १९२४ ला उमेदवार ठरवायला १०३ वेळा मतदान घ्यावं लागलं. १९२८ ला त्यांनी ॲल स्मिथला उभं केलं. कॅथलिक, न्यूयॉर्कचा, दारूबंदीच्या विरोधात. गावाकडच्या प्रोटेस्टंट अमेरिकेला यातलं एकही चालणारं नव्हतं, दक्षिणेतली काही राज्यंसुद्धा हूवरकडे गेली.

मंदी आल्यावर त्याने कारखानदारांना बोलावून पगार कापू नका म्हणून विनवलं, सरकारी बांधकामं वाढवली. पण हजारावर अर्थतज्ज्ञांनी नको म्हटलेल्या आयातकराच्या कायद्यावर जून १९३० मध्ये सही केली. उपाशी माणसाला केंद्र सरकारने थेट पैसे द्यायचे, हे त्याच्या तत्त्वात बसेना.

पाऊण तासात एकच प्रसंग सांगायचा तर १९३२ चा उन्हाळा सांगा. बँका-रेल्वेंना कर्ज देणारं सरकारी महामंडळ जानेवारीत निघालेलं. त्याचे अध्यक्ष डॉज जूनमध्ये पायउतार झाले, आणि लगेच त्यांच्या शिकागोच्या बँकेसाठी ९ कोटी डॉलर मंजूर! त्याच सुमारास हजारो माजी सैनिक महायुद्धातल्या सेवेचा १९४५ ला मिळणारा बोनस आत्ताच द्या म्हणत वॉशिंग्टनमध्ये झोपड्या टाकून बसले होते. २८ जुलैला जनरल मॅकार्थर यांनी रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन त्यांना हुसकलं. निवडणूक मला वाटतं तिथेच संपली.

पाटल्या_बिलवर

थोडं अवांतर: तुमच्या श्रोत्यांना ही दूरची गोष्ट वाटू देऊ नका. शेतमालाचे भाव इकडेही कोसळले, सारा आणि सावकाराचं व्याज मात्र रोखीतच भरायचं. रुपया पौंडाला बांधलेला, सोनं सोडल्यावर पौंड घसरला तसा रुपयाही, त्यामुळे १९३१ नंतर सोन्याचा रुपयातला भाव चढला आणि घराघरांतले दागिने मुंबई बंदरातून बाहेर गेले. वाचनालयात कुणाच्या ना कुणाच्या आजीची पाटली त्यात असणार.

जुनी_रोखपाल

मंडळी, किती आभार मानू. जॅझ काढलं. आता शेतकऱ्यापासून सुरू करते, मग शाखा नसलेल्या बँका, मग माजी सैनिक. शेवट रेडिओचा ठेवते: तेजीत हप्त्यावर घेतलेला तो रेडिओ, आणि सोमवारी १२ मार्च १९३३ ला त्यातूनच रूझवेल्ट सांगतोय, पैसे गादीखाली ठेवण्यापेक्षा (आल्याबरोबर त्यानेच बंद ठेवलेल्या आणि आता) पुन्हा उघडलेल्या बँकेत ठेवणं सुरक्षित. आणि लोक खरंच रांगा लावून पैसे परत भरतात. आमच्या मॅनेजरांच्या थप्प्याच त्या. बरोबर आहे ना?

शाईचा_डाग

ताई, १२ मार्चला रविवार होता. बोलला रविवारी रात्री, बँका उघडायला लागल्या सोमवारी १३ ला, आणि त्याही आधी फक्त फेडरल रिझर्व्हच्या बारा शहरांत. वकील नेमकं हेच पकडतील.